उरलेले थेंब

जुलै 2023 मध्ये आमच्याकडे घरोघरी डोळे आले होते. त्यामुळे सहा वर्षांची लेक सकाळी लाल, पाणावलेला उजवा डोळा घेऊन उठली, तेव्हा मला काही वेगळे वाटले नाही. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेले थेंब फडताळात होते, तेच घातले. संध्याकाळपर्यंत लाली उतरली. खोटे कशाला सांगू, मला स्वतःचे कौतुकच वाटले.

चौथ्या दिवशी ती उजेडाकडे पाहीना. नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यात रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिले. बुबुळावर फांद्या फुटलेली हिरवी रेघ चमकत होती. ती हर्पिस विषाणूची जखम होती. माझ्या थेंबांत स्टेरॉइड होते. त्याने लाली झाकली आणि विषाणूला रान मोकळे करून दिले.

वाचकहो, साथीतले डोळे येणे बहुधा एकदोन आठवड्यांत आपोआप ओसरते. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने चिपडे पुसावीत, टॉवेल वेगळा ठेवावा. परंतु डोळा दुखत असेल, उजेड सोसवत नसेल, अंधुक दिसत असेल, बुबुळावर पांढरा ठिपका असेल किंवा महिन्याच्या आतील बाळाच्या डोळ्यातून पू येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. मध, गुलाबपाणी, अंगावरचे दूध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये.

मलम कित्येक आठवडे चालले. बुबुळावर पुसट डाग राहिला आहे. तपासणीच्या वेळी डावा डोळा झाकून ती तक्ता वाचू लागते आणि शेवटच्या ओळीपाशी थांबते.