भार वाहणारें कडें

यंत्रावर चालणाऱ्या होडीचें वर्णन करावयाचें झालें तर लोक प्रथम तिच्या इंजिनाची शक्ति सांगतात, मग जाळ्याची लांबी सांगतात, आणि नाळेवरच्या रंगाचें कौतुकही करतात. इंजिनापासून मागील पंख्यापर्यंत जाणारा जो पोलादी दांडा, ज्यास शाफ्ट म्हणतात, त्यास अगदीं शेवटच्या टोकाशीं तोलून धरणाऱ्या कड्याचें नांव मात्र सहसा कोणाच्या तोंडीं येत नाहीं. हें कडें पाण्याखालीं, नळीच्या आंत, दृष्टिआड असतें. दर्यावर्दी लोक त्यास बेरिंग किंवा बुश म्हणतात. त्याची लांबी वीतभर. पण पंख्याचें ओझें, लाटांचे धक्के आणि शाफ्टाचें अहोरात्र फिरणें हें सारें तें मुकाट्यानें सोशीत असतें. तें झिजलें म्हणजे काय होतें आणि तें कसें बदलतात, हें आमच्या खाडीच्या कांठीं मला जवळून पाहावयास मिळालें. तेंच येथें सांगण्याचा विचार आहे.

ह्या कड्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८४३ सालीं इंग्लंडांत ब्रिस्टल येथें ब्रूनेल ह्या विख्यात इंजिनिअरनें योजिलेली 'ग्रेट ब्रिटन' ही लोखंडी आगबोट पाण्यांत उतरली. ती पंख्यानें चालणारी होती. पुढें अशा आगबोटी वाढल्या आणि एक अडचण उभी राहिली. धातूच्या कड्यांत धातूचा दांडा फिरे, कडें झपाट्यानें झिजे, आणि पिछाडीस हादरे बसून पाणी आंत येऊं लागे. १८५४ सालीं जॉन पेन ह्या यंत्रकारानें ह्यावर तोड काढली. त्यानें लिग्नम व्हायटी नांवाच्या लांकडाच्या पट्ट्या कड्याच्या आंत बसविल्या व पट्ट्यांमध्यें पाणी खेळावयास वाट ठेविली. वेस्ट इंडीज बेटांकडील हें लांकूड इतकें जड कीं तें पाण्यांत बुडतें, आणि त्याच्या अंगीं स्वतःचीच तेलकट राळ असते. वरून तेल न घालतां केवळ समुद्राच्या पाण्यावर शाफ्ट त्यांत सुखानें फिरूं लागला. पुढें लांकडाची जागा बहुतेक ठिकाणीं रबरानें घेतली. तत्त्व मात्र तेंच राहिलें. आज पुष्कळ लाँचींत पितळी नळकांड्याच्या आंत रबराचें अस्तर असतें. त्यास लांबीच्या दिशेनें खांचा असतात; त्या खांचांतून पाणी वाहतें, आणि वाळूचे कण त्याबरोबर निघून जातात.

१९५९ सालीं 'स्टर्न ड्राइव्ह' नांवाची एक निराळी रचना बाजारांत आली. तींत इंजिन होडीच्या आंत, आणि पंखा फिरविणारा भाग पिछाडीच्या बाहेर असतो. तेथील बेरिंगें पोलादी गोळ्यांचीं वा रुळांचीं असून तेलावर किंवा ग्रीसवर चालतात. दांड्यावरील रबरी भाता फाटला कीं खारें पाणी आंत शिरून बेरिंग गंजतें. म्हणजे एका जातीचें बेरिंग पाण्यावर जगतें, तर दुसऱ्या जातीचें पाण्यानें मरतें. आपल्यापुढें कोणतें आहे हें कारागिरानें आधीं ओळखावें लागतें.

आमच्या कोंकणांत जून व जुलै ह्या महिन्यांत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. उधाण साधून लाँची कांठावर ओढून घेतात, दोन्ही बाजूंस लांकडी टेकू लावतात आणि डागडुजी आरंभितात. आमच्या शेजारच्या एका तांडेलांची लाँच अशीच वर घेतली होती. हंगामाच्या शेवटीं ती पिछाडीस थरथरूं लागली होती. मिस्त्री आले, खालीं वांकले, आणि दोन्ही हातांनीं पंखा धरून त्यांनीं तो वर उचलून पाहिला. नळींत शाफ्ट ठक्कन् वाजला. त्यांनीं फट मोजली. जुन्या कारागिरांचा ठोकताळा असा आहे कीं, शाफ्टाच्या दर इंच जाडीमागें एक षोडशांश इंचाहून अधिक हालचाल झाली म्हणजे बेरिंगाचें आयुष्य सरलें. येथें शाफ्ट दोन इंची होता, आणि फट अष्टमांश इंचाच्याही पुढें गेली होती.

"तांडेल, हें ह्याच वर्षीं बदललें पाहिजे," मिस्त्री म्हणाले.

तांडेल कांहीं वेळ बोलले नाहींत. गेला हंगाम ओढगस्तीचा गेला होता. डिझेलाची उधारी फिटावयाची होती, नवें जाळें घ्यावयाचें होतें, आणि कन्या दहावीच्या वर्गांत गेली होती. अखेरीस ते म्हणाले, "मिस्त्री, फिरतें आहे तोंवर फिरूं द्या. शिमग्यानंतर पाहूं."

मिस्त्रींनीं वाद घातला नाहीं. पुढें काय होईल तेवढें त्यांनीं शांतपणें सांगितलें. शाफ्ट डोलूं लागेल. त्याच्या डोलण्यानें ग्लँडांतील पॅकिंग पिळवटेल आणि पाणी आंत येईल. एखादे वेळीं शाफ्टच मोडेल, आणि भर समुद्रांत, वारा उठला असतां, लाँच लाटांपुढें आडवी पडेल. तांडेलांची वृद्ध आई लाँचीच्या सांवलींत बसून जाळें सांधीत होती. ती मान वर न करतांच म्हणाली, "पोरा, जाळें फाटलें तर मासळी जाईल. हें गेलें तर माणसें जातील. ह्याच जाळ्यावर आणखी एक हंगाम काढूं." तेवढ्यावर निर्णय झाला.

मग जें काम सुरू झालें तें धिमेपणाचें होतें. प्रथम पंख्याची नट सैल केली. पण ती पुरती काढली नाहीं, दोन-तीन आट्यांवर ठेविली. पंखा निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो. तो सुटतांना उडूं नये म्हणून ही खबरदारी. पुलर लावून हळू हळू ताण दिला, तेव्हां मोठा आवाज करून पंखा मोकळा झाला. पंख्यावर घण घालण्यास मिस्त्रींनीं कोणास हात लावूं दिला नाहीं; कारण तो घाव शाफ्टापर्यंत पोहोंचतो. नंतर गिअरपेटीशीं असलेलें कपलिंग सोडविलें, सुकाणू उतरविलें, आणि शाफ्ट मागून ओढून काढला.

बेरिंग लहान स्क्रूंनीं अडकविलेलें होतें. स्क्रू निघाले, बेरिंग निघेना. तेव्हां मिस्त्रींनीं करवतीचें पातें आंत घालून पितळी कवचास लांबीभर काप दिला. हा काप कवचापुरताच द्यावा लागतो. तो खोल गेला तर बाहेरची नळीच कापली जाते. म्हणून दर थोड्या वेळानें ते थांबत, बोटानें चांचपून पाहत, आणि पुनः दोन हात मारीत. अखेर कवच आंत दबलें आणि बाहेर आलें.

तें हातीं येतांच मिस्त्रींनीं उन्हांत धरून पाहिलें. रबर एकाच बाजूस खाल्लें गेलें होतें. दुसऱ्या बाजूच्या खांचा जवळ जवळ नव्या होत्या. "ह्याची चूक नाहीं," ते म्हणाले, "कोणीतरी ह्याला तिरपें ओझें दिलें आहे." ते इंजिनापाशीं गेले आणि एका कोपऱ्यांतील पाया ढिला झालेला त्यांस आढळला. इंजिन एका अंगास बसलें होतें, शाफ्ट रेषेंतून ढळला होता, आणि त्या दोषाचें फळ बिचारें बेरिंग भोगीत होतें. नुसतें नवें कडें बसवून ते निघून गेले असते तर तेंही पुढच्या वर्षीं असेंच झिजलें असतें.

पाया घट्ट करून नळी आंतून स्वच्छ केली. शाफ्ट सरळ आहे, त्यावर खोल चरा पडलेला नाहीं, हें पाहून घेतलें. नवें बेरिंग रात्रभर बर्फांत ठेविलें होतें. गारव्यानें धातु किंचित् आंकसतो. साबणाचें पाणी लावून, लांब आट्याच्या सळईनें दाबीत, तें जागीं नेलें. स्क्रू खळग्यांत बसले, पण बेरिंगास पिळतील इतके आंवळले नाहींत. शाफ्ट परत घातल्यावर एका खलाशानें इंजिन चालवून पाहूं म्हटलें. मिस्त्रींनीं त्यास थांबविलें. पाण्यावांचून फिरविलें तर हें रबर जळून जातें.

लाँच पाण्यांत उतरल्यावरही काम संपलें नव्हतें. टेकूंवरील होडी आणि पाण्यावरील होडी ह्यांचा आकार थोडा निराळा असतो. म्हणून दोन दिवस जाऊं देऊन कपलिंगाच्या दोन तोंडांमधील फट चारी बाजूंनीं पुनः तपासली. दहावींतील ती कन्या विजेरी धरून फीलर गेजवरील आंकडे वाचून दाखवीत होती. इंचाच्या हजारांशांचा तो हिशेब होता. चारी आंकडे जुळेपर्यंत मिस्त्रींनीं इंजिनाचे पाय कधीं उचलले, कधीं बसविले. शेवटीं ग्लँड इतकाच आंवळला कीं शाफ्ट फिरतांना पाण्याचा थेंब थेंब पडत राहावा. अगदीं कोरडा ग्लँड तापतो, हें त्यांनीं मुलीस समजावून दिलें. नारळी पौर्णिमेनंतर ती लाँच जुन्याच जाळ्यानिशीं समुद्रावर गेली. तिची थरथर थांबली होती.

गालीलच्या समुद्राकांठीं जब्दीच्या दोघां पुत्रांस पाचारण झालें तेव्हां ते बापाबरोबर तारवांत बसून जाळीं नीट करीत होते, असें आपण शुभवर्तमानांत वाचतों. डागडुजीचा काळ हा वायां गेलेला काळ नव्हे. विद्यार्थिमित्रांनो, आपल्या प्रत्येक घरांतही असें कोणीतरी असतें, कीं ज्याच्या आधारावर सर्वांचें चक्र फिरतें आणि ज्याचें नांव कोणी घेत नाहीं. तें माणूस थकलेलें दिसलें तर "फिरतें आहे तोंवर फिरूं द्या" असें म्हणूं नये. त्याच्यावर तिरपें ओझें कोठून येत आहे हें पाहावें, आणि होडी कांठाशीं आहे तोंच तें दूर करावें.