जोडा रुळतो तेव्हा

इंग्रजाच्या पायाला जोडा चिमटतो. मराठी माणसाच्या पायाला तो चावतो. चिमट्यात थोडीशी थट्टा असते, चावण्यात मात्र उघड वैर असते. पण ज्या भाषेने नव्या जोड्याला दात दिले, तिनेच त्यावरचा उताराही सांगून ठेवला आहे. जोडा चावतो, चावतो आणि एके दिवशी ‘रुळतो’. आता हाच शब्द आपण आणखी कोणासाठी वापरतो? नव्या सुनेसाठी! ‘काय हो, रुळली का सूनबाई?’ असे शेजारीण विचारते, तेव्हा रुळायचे ते एकट्या सुनेने, घराने नव्हे, हे तिने गृहीतच धरलेले असते. ‘रुळणे’ या क्रियापदावरचा हा अन्याय आमच्या कन्येच्या बुटांनी माझ्यापुरता दूर केला. त्याचीच ही हकिकत.

यंदा तिची लष्करात अधिकारीपदासाठी निवड झाली आणि चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत हजर होण्याचे पत्र आले. डॉक्टर आणि परिचारिका यांच्यापलीकडची लष्करी दारे मुलींसाठी १९९२ साली उघडली. त्यामुळे या बातमीत जगाला आता नवल उरलेले नाही. नवल उरले ते आमच्या दोन खोल्यांत. तिकडे पायांची रडकथा नको, आधीपासून सवय हवी, म्हणून तिने पुण्याच्या कॅम्पातून लष्करी घाटाचे काळे, घोट्याच्या वर चढणारे बूट आणले. आमच्या सौभाग्यवती ते हातात तोलून म्हणाल्या, “अगबाई, हे बूट आहेत की पाणी तापवायचे बंब?”

खरेदीला मुलगी मुद्दाम संध्याकाळी गेली होती. दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे फुगतात. सकाळी बेताचा बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. जाड मोजे तिने घरूनच नेले. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सुटते ना, टाच आत उचलत नाही ना, हे दुकानाच्या पायऱ्या चढून-उतरून पाहिले. वर चुकून मी विचारले, “रंग दुसरा नव्हता का?” तिने माझ्याकडे नुसते पाहिले.

बूट रुळवण्याविषयी सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. एक शेजारी म्हणाले, बूट पाण्यात बुडवा आणि पायातच वाळू द्या; जुन्या पलटणीत असेच करीत. दुसऱ्यांनी कोल्हापुरी वहाणेचा दाखला देऊन पोटभर तेल पाजायला सांगितले. पण कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले; तेल पिऊन मऊ होणे हा त्याचा धर्म. लष्करी बुटाचे चामडे बहुधा क्रोमच्या क्षारांनी कमावतात. त्याला फार तेल पाजले तर ते इतके सैलावते की घोट्याला द्यायचा आधारच विसरते. आणि चिंब भिजवून वाळवलेले चामडे आकसून कडक होते. आमच्या कोपऱ्यावर जोडे दुरुस्त करणारे मामा तेवढे शहाणपणाचे बोलले. “ताई, घाई नको. रोज थोडं घाला. तेही शिकंल, पायही शिकंल.”

मग पहिला आठवडा घरातच अर्धा-अर्धा तास. आत पातळ मोजा, त्यावर लोकरीचा; घासायचे ते मोज्याने मोज्याला घासावे, कातडीला नव्हे, हा त्यातला हिशेब. नाडी बोटांकडे सैल, घोट्याशी घट्ट. दुसऱ्या आठवड्यात पर्वतीच्या पायऱ्या. तिसऱ्या आठवड्यात आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड, भर पावसात.

त्या दिवशी डाव्या टाचेवर फोड आला. कातडीचे थर घर्षणाने एकमेकांवरून सरकतात, मधल्या पोकळीत पाणी साठते, तोच फोड. ओली कातडी लवकर सोलवटते, म्हणून मोजे कोरडे हवेत. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या चिखलपाण्यात उभे राहून हजारो सैनिकांचे पाय सडले, तेव्हा रोज मोजे बदलणे आणि पायांना व्हेलचे तेल चोळणे हा ब्रिटिश फौजेत शिस्तीचाच भाग झाला. आपल्याला इतके लांब जायला नको. १९६२ साली नेफाच्या थंडीत आपले जवान कॅनव्हासच्या बुटांनिशी उभे होते, एवढे आठवले की बूट ही क्षुल्लक वस्तू राहत नाही.

तिने फोड फोडला नाही. स्वच्छ पट्टी बांधली आणि चार दिवस चपला घातल्या. ओल्या बुटांची व्यवस्था माझ्याकडे आली. आतले तळवे बाहेर काढले, नाड्या सोडल्या आणि बुटांत जुनी वर्तमानपत्रे कोंबली. अग्रलेखांनी इतके ओलावा शोषून घेतल्याचे मी प्रथमच पाहिले. बूट उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवायचे नाहीत, चामडे तडकते. सावलीत, वाऱ्यावर, सावकाश. वाळल्यावर चिखल ब्रशाने झाडायचा, मग पॉलिशचा पातळ हात. १९०६ साली मेलबर्नच्या विल्यम रॅमसेने आपल्या पॉलिशला ‘किवी’ हे नाव दिले, ते बायको न्यूझीलंडची म्हणून. ही माहिती मी सौभाग्यवतींना ऐकवली. त्या म्हणाल्या, “बघा, लोक बायकोसाठी काय काय करतात!”

पण बोलता-बोलता त्या थांबल्या. आमच्यात लग्नात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो. मी मात्र मुलीचे बूट मांडीवर घेऊन बसलो होतो. दोघांच्याही मनात बहुधा एकच विचार आला. बोलले कोणीच नाही.

महिन्याभराने त्या बुटांच्या चवड्यावर एक आडवी चुणी पडली. तिचा पाय जिथे वाकतो, नेमकी तिथे. दुसऱ्या कोणी ते बूट घातले तर ती चुणी त्याला टोचेल. तिच्या टाचेची कातडीही तेवढीच राठ झाली आहे. बूट थोडा वाकला, पाय थोडा घट्टावला. रुळणे ते हेच, दोन्हीकडून.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ती चेन्नईत असेल आणि आमच्या घरी तिच्यावाचूनची पहिली दिवाळी. तिथली शिस्त तिला चावणार, हे उघड आहे. ती त्याने खचणारी नाही. मी वाट पाहतो आहे ती तिच्या पहिल्या सुट्टीची, ती घरी आली की पायांविषयी विचारीनच, पण त्याआधी विचारीन, “काय ग, तुझी अकादमी रुळली का?”