गोळ्या संपल्यानंतरचे तीन महिने

गेल्या वर्षी मला क्लॅमिडिया झाला होता. हे वाक्य इंग्रजीत मी नर्सला सांगितलं, हेल्थ ॲडव्हायझरला सांगितलं. मराठीत ते आज पहिल्यांदा लिहिते आहे. आपल्याकडे या आजारांना गुप्तरोग म्हणतात, म्हणजे नावातच 'बोलू नकोस' अशी तंबी. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत ते चालवलं. त्यानंतर इतकी वर्षं गेली, तरी पंधरा वर्षांच्या मैत्रिणीला फोनवर हा शब्द सांगताना माझा आवाज खाली गेलाच असता. म्हणून फोन न करता लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणीतरी आत्ता याच आठवड्यातून जात असेल, असं धरून.

मी त्रेचाळीस वर्षांची, घटस्फोटित, लंडनच्या हॅरो भागात राहते. बऱ्याच वर्षांनी एक नातं सुरू झालं होतं. आमच्या भागात तपासणीचा किट मोफत घरपोच मिळतो. नवीन नातं आहे म्हणून मागवला, स्वॅब घेऊन पोस्टात टाकला. त्रास काहीच नव्हता. बहुतेक बायकांना तो नसतोच. काही दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला आणि मी क्लिनिकमध्ये गेले.

उपचार सोपा आहे: डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि अँटासिड त्याच वेळी घ्यायचे नाहीत, कारण मग औषध नीट शोषलं जात नाही. उन्हात त्वचा भाजते, तेव्हा जपायचं. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर आधीच सांगायचं, औषध वेगळं देतात.

आता आपल्या घरातल्या त्या पिशवीविषयी. पुण्याहून येताना आपण सगळेच सर्दीच्या, पोटाच्या गोळ्यांबरोबर ॲझिथ्रोमायसिनची एखादी पट्टी आणतो. माझ्याकडेही होती. 'एका डोसात काम होतं' असं नात्यातल्या एका डॉक्टरांकडून ऐकलेलंही होतं. एकेकाळी इथेही तसंच देत. पण २०१८ पासून ब्रिटनमध्ये पहिली पसंती डॉक्सिसायक्लिनला आहे. क्लॅमिडियासोबत कधी कधी मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम नावाचा दुसरा जंतूही असतो आणि ॲझिथ्रोमायसिनच्या एका डोसाने तो दाद न देणारा बनू शकतो. तेव्हा पिशवीतली पट्टी पिशवीतच राहू द्या. इंग्लंडमध्ये या आजारांची तपासणी आणि उपचार सगळ्यांना मोफत आहेत, व्हिसा कुठलाही असो. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या मुलींनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. क्लिनिक तुमच्या नवऱ्याला कळवत नाही आणि तुमच्या परवानगीशिवाय जीपीलाही सहसा नाही.

सात दिवस गोळ्या घेणं सोपं होतं. अवघड होतं त्याला सांगणं.

तो मराठी मंडळात भेटलेला. मंडळ केवढंसं असतं, तुम्हाला माहीत आहे. गणपतीत जी बाई मोदकांची ऑर्डर घेते, तिलाच दिवाळीच्या तिकिटांचे पैसे द्यायचे असतात. हेल्थ ॲडव्हायझरने सांगितलं की तुमचं नाव न घेता आम्ही त्यांना मेसेज पाठवू शकतो. ही सोय फार मोलाची आहे. जिथे मारहाणीची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची भीती असेल तिथे तर तीच वापरा. मला तशी भीती नव्हती, मी स्वतः फोन केला.

त्याचा पहिला प्रश्न होता, "कुणाकडून आलं हे?"

या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तरच नसतं. क्लॅमिडिया काही त्रास न देता महिनोन्महिने अंगात राहू शकतो. तपासणीचा निकाल आज जंतू आहे एवढंच सांगतो. कधी आला, कुणाकडून आला, हे सांगत नाही. म्हणून तर क्लिनिक लक्षणं नसलेल्या माणसाकडे मागच्या सहा महिन्यांतल्या जोडीदारांची चौकशी करतं. ज्याची तपासणी आधी झाली तो गुन्हेगार, असा हिशोब घरोघरी मांडला जातो आणि तो जवळजवळ नेहमी बाईच्या नावावर पडतो, कारण तपासणीला आधी तीच जाते. मी त्याला म्हटलं, "ते आपल्याला कधीच कळणार नाही. तू तपासून घे, औषध घे. तोवर आपण भेटायचं नाही."

"मला तर काही होत नाहीये," तो म्हणाला. पुढे तीन आठवडे गेले, मग त्याने तपासणी केली.

ते तीन आठवडे महत्त्वाचे होते. माझ्या गोळ्या संपल्या होत्या, पण नियम असा की दोघांचेही उपचार पूर्ण होईपर्यंत शरीरसंबंध नाही. कंडोम वापरूनही नाही, मुखमैथुनही नाही. क्लॅमिडिया एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही, असं नसतं. एकाने औषध घ्यायचं आणि दुसऱ्याने नाही, म्हणजे भिजलेल्या लादीवरून पाय पुसत चालण्यासारखं.

आणि लगेच पुन्हा तपासणी करायची घाई नको. ही तपासणी जंतूचं जनुकीय द्रव्य शोधते, ते मेलेल्या जंतूचंही सापडतं. म्हणून गोळ्या संपल्यावर निदान तीन आठवडे थांबायला सांगतात, अमेरिकेत चार. बरं झालं की नाही याची तपासणी सगळ्यांना लागत नाही. गरोदर बायकांना किंवा त्रास थांबला नसेल तर लागते. वेगळी गोष्ट आहे ती पुन्हा लागण झाली नाही ना, हे पाहण्याची. अमेरिकेत ती साधारण तीन महिन्यांनी करायला सांगतात. इंग्लंडमध्ये पंचविशीच्या आतल्यांना तीन ते सहा महिन्यांनी. माझं वय त्यात बसत नव्हतं, तरी मी विचारलं आणि करून घेतली. निगेटिव्ह आली. एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणीही केली. संपर्कानंतर लगेच केलेल्या रक्ततपासणीत हे दोन्ही आजार सुटू शकतात, म्हणून तारीख क्लिनिकलाच विचारा.

एक गोष्ट गोळ्या करत नाहीत. गर्भनलिकांना आधीच इजा झाली असेल तर ती भरून येत नाही. म्हणून ओटीपोटात दुखणं, ताप, मधेच रक्त जाणं असं काही असेल तर 'कोर्स झालाय' म्हणून घरी बसू नका. परत जा. तिथला उपचार जास्त दिवसांचा असतो.

ते नातं पुढे टिकलं नाही. कारण हा आजार नव्हता. त्या तीन आठवड्यांत माझ्या तब्येतीची त्याने एकदाही चौकशी केली नाही, ते कारण होतं.

तुमच्या एखाद्या मैत्रिणीने उद्या हे सांगितलं, तर 'कुणाकडून' हा प्रश्न तेवढा टाळा. त्याची तपासणी झाली का, तुझ्या गोळ्या पूर्ण झाल्या का, तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून ठेवली आहेस का, हे विचारा. आणि तिला एकटीला जायचं नसेल, तर क्लिनिकच्या बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसा.