पाकिटाबाहेरची दिवाळी

खिळ्यांच्या छापखान्यात दिवाळी अंकांचं जुळणीकाम आलं की दसऱ्याआधीपासूनच रात्री जागायच्या. पुण्यात आमच्या काकांकडे सात-आठ माणसं होती. कंपोझिटर, ट्रेडलवरचा मशीनमन, बाइंडर आणि एक हरकाम्या पोरगा. १९६५ चा बोनस कायदा कारखान्यांना आणि वीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना लागू होता. तिथे पुढे किमान बोनस ८.३३ टक्के झाला, म्हणजे ढोबळमानाने एक पगार. काका त्यात बसत नव्हते. तरी लक्ष्मीपूजनाला पाकीट निघायचं. ते किती जाड, हे प्रकाशकांनी बिलं चुकती केली की नाहीत यावर ठरायचं.

खरी मजा पाकिटाबाहेर होती. कटिंगमधून उरलेल्या कागदाच्या वह्या बाइंडर मे महिन्यात शिवायचा. एकाच वहीत चार पानं पिवळट, चार पांढरी, मधेच आर्टपेपर, ज्याच्यावर शाई वाळायचीच नाही. कामगारांची पोरं त्याच वह्या घेऊन शाळेत जायची.

आणि लग्नपत्रिका. कंपोझिटरच्या मुलीचं लग्न ठरलं की पत्रिका छापखान्याकडून. काकांना खर्च काय, तर कार्डं आणि थोडी सोनेरी शाई. पण ‘चि. सौ. कां.’ मधला झिजका खिळा काढून तो माणूस नवा शोधून बसवायचा. गिऱ्हाइकाच्या पत्रिकेत तोच झिजका खिळा खपून जात असे.

उचलही मिळायची, आणि तीही मेहेरबानी म्हणूनच सांगितली जायची. ती फिटेपर्यंत दुसरीकडे चार पैसे जास्त मिळत असले तरी माणूस अडकलेला. रात्रपाळीचा मोबदला म्हणजे पुष्कळदा चहा आणि कांदाभजी. हे सगळं मला गोड आठवतं, कारण मी मालकाचा पुतण्या. कंपोझिटरच्या मुलाला विचारलं तर तो आधी भज्यांचा हिशेब मांडेल.

आता चुलतभावाचं डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे. खिळे केव्हाच भंगारात गेले. पगार एक तारखेला मोबाइलवर जमा होतो, उचलीची भानगड नाही. ही सुधारणाच. मध्यंतरी त्याने ‘महिन्याचा उत्तम कर्मचारी’ सुरू केलं होतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो, त्याखाली अंगठे आणि फुलं. दिवाळीला पाचशेचं गिफ्ट व्हाउचर, तेही अशा दुकानाचं की पाचशेत तिथे काही येत नाही.

गेल्या वर्षी त्याने सरळ विचारलं, तुम्हाला काय हवंय? डिझाइन करणारीला परीक्षेच्या आठवड्यात पगारी रजा हवी होती. मशीनवाल्याला शनिवारी दुपारी लवकर सुटायचं होतं, गावची एसटी गाठायला. तिसऱ्याला दुकान बंद झाल्यावर बायकोच्या मसाल्यांची लेबलं छापायची होती. भाऊ टोनरच्या नावाने कुरकुरला, पण तिन्ही मागण्या मान्य केल्या. व्हाउचर बंद झालं, पुन्हा रोख पाकीट आलं. तेही वसुबारसेच्या आधी. काका लक्ष्मीपूजनाला द्यायचे, तोवर पोरांचे कपडे उधारीवर घेऊन झालेले असायचे.