ज्याचं सुतक नाही

माणूस गेला की घराला सुतक लागतं. देवघरात दिवा लागत नाही, शेजारून डबा येतो, तेरवीला आप्त जमतात. गेलेल्याबद्दल चार चांगले शब्द बोलून झाले की मागे राहिलेल्यांना पुन्हा कामाला लागायची मोकळीक मिळते. पण माणूस घरातच आहे, जेवतो आहे, पेन्शनसाठी बँकेत जातो आहे आणि त्याच्यातलं काहीतरी गेलं आहे, अशा जाण्याला आपल्याकडे विधी नाही. कुणी भेटायला येत नाही. कशाला येतील? समोर तर धडधाकट माणूस बसलेला असतो.

नैराश्यावरची एक छोटी गोळी बरीच वर्षं माझ्या उशाशी होती. आता नाही. तिच्यासोबत जे गेलं आणि परत आलं नाही, त्याचं हे सुतक. उशिरा पाळलेलं.

नागपूरजवळच्या कोराडीच्या वीज केंद्राचं पहिलं युनिट 1974 साली सुरू झालं आणि त्याच्यामागे विद्युत विहार कॉलनी भरत गेली. मी टर्बाइनवर होतो. 2005 साली वीज बोर्डाचे तुकडे होऊन महानिर्मिती झाली, तरी कॉलनीतले जुने लोक अजून ‘मी बोर्डात होतो’ असंच सांगतात. नाइट संपवून घरी यावं तर अंगणातल्या तुळशीवर राखेचा पातळ थर, दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घडी घालायची सोय नाही. त्या वर्षांत केव्हातरी झोप गेली. मग भूक. मग असं झालं की पॅनेलवरचे आकडे बिनचूक वाचता यायचे, पण लेकीनं काढलेलं चित्र हातात घेतलं तर काय बोलायचं ते सुचायचं नाही. सोबतचे विचारायचे, ‘काऊन भाऊ, बरं नाही का?’ मी म्हणायचो, ‘नाइट लागली ना.’ पाळीच्या नोकरीत कुठल्याही दुःखाला कारण तयार मिळतं.

कोराडीहून सीताबर्डीला जाताना वाटेत प्रादेशिक मनोरुग्णालय लागतं. 1864 सालचं. नागपूरकरांनी तिथल्या चौकाचं नाव पागलखाना चौक करून टाकलं. बस तिथं थांबली की मागच्या सीटवरून कुणीतरी हमखास ओरडायचं, ‘उतर ना बे, तुझा स्टॉप आला!’ आणि अख्खी बस हसायची. त्या हसण्यामुळे त्या फाटकासमोरून किती जण खाली मान घालून पुढे गेले असतील, देव जाणे. मला घरच्यांनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका खासगी डॉक्टरकडे नेलं. तिथं ओळखीचं कुणी भेटणार नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गोळीनं मला वाचवलं. कोराडी तलावाच्या पाळीवर उभं राहिलं की जे विचार यायचे, ते काही आठवड्यांत विरले. मी जेवू लागलो, झोपू लागलो, लेकीच्या चित्राला ‘वा’ म्हणू लागलो. औषधाच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांमध्ये मी नाही आणि ज्यांना आज त्याची गरज आहे त्यांनी या लेखाचा आधार घेऊन ते सोडू नये. पण वाचवणारा हातसुद्धा घट्ट धरला तर वळ उठतो, एवढं म्हणायची मुभा मला असावी. त्या वर्षांत बाबा गेले. रामटेकला अंबाळा तलावावर त्यांच्या अस्थी सोडताना सगळे रडत होते आणि मी गुरुजींच्या दक्षिणेचे सुट्टे मोजत होतो. दुःख कळत होतं, होत नव्हतं. वाटलं, गोळी सुटली की रडून घेऊ.

गोळी सुटली ती डॉक्टरांच्या सल्ल्यानंच, तेव्हाच्या रीतीप्रमाणे. आधी अर्धी, मग एक दिवसाआड, मग बंद. दोन-तीन आठवड्यांत काम आटोपलं. त्यानंतर काही दिवसांतच डोक्यात करंट आला. दुसरा शब्द नाही त्याला. डोळे बाजूला वळवले की कवटीच्या आत झटका, क्षणभर सगळं बंद, पुन्हा चालू. विजेच्या कारखान्यात उमर काढलेल्या माणसानं डोक्यात करंट लागतो म्हणून सांगावं, तर ऐकणाऱ्याला विनोद वाटतो. सोबत गरगर, घाम, कानात आवाज, रात्री ओरडत उठवणारी स्वप्नं, आणि असा राग की शेजारच्या मिक्सरच्या आवाजानं हात थरथरायचे.

पुष्कळांचं हे काही आठवड्यांत निवतं. माझे झटकेही हळूहळू गेले. बाकीचं राहिलं.

‘जुनं दुखणं उलटलं,’ असं सांगण्यात आलं. उलटतंही. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत बरं वाटत असताना गोळी थांबवलेल्यांपैकी 56 टक्के लोकांना वर्षभरात नैराश्यानं पुन्हा गाठलं, आणि गोळी चालू ठेवलेल्यांतही 39 टक्के लोकांना. तेव्हा डॉक्टरांची शंका खोटी नव्हती. पण जुनं दुखणं परततं ते बहुधा आठवड्या-महिन्यांनी, जुन्याच चेहऱ्यानं. हे दिवसांत आलं, आणि यातले झटके, ही गरगर मला नैराश्यात कधीच नव्हती. घरच्या माणसाची चाल आणि परक्याची चाल अंधारातही ओळखू येते. मी सांगत होतो, आलेला परका आहे. ऐकणारे म्हणत होते, घरचाच आहे.

आकड्यांचं भांडण पुढे वाचनात आलं. 2019 साली डेव्हिस आणि रीड या दोघा संशोधकांनी अभ्यास एकत्र करून मांडलं की गोळी सोडणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना त्रास होतो. 2024 साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त 79 अभ्यासांची बेरीज आली. तिच्यात लक्षणं सुमारे 31 टक्के लोकांना दिसली, पण नुसती साखरेची गोळी थांबवणाऱ्यांतही ती 17 टक्के निघाली. तीव्र त्रास 3 टक्क्यांच्या आतबाहेर. वाचून धीर येतो, आणि यावाही. फक्त असे बहुतेक अभ्यास थोड्या महिन्यांच्या औषधावर आणि थोड्या आठवड्यांच्या पाहणीवर उभे आहेत. वर्षानुवर्षं घेऊन सोडलेल्यांचं पुढे काय झालं, हे विचारायला कुणी फारसं थांबलं नाही. लैंगिक बधिरता गोळी सोडल्यावरही टिकू शकते, हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापावा असं युरोपच्या औषध नियामकानं सांगितलं ते 2019 साली. तोवर ही औषधं बाजारात येऊन तीसेक वर्षं झाली होती. तेवढी वर्षं किती जोडपी आपापल्या कुशीवर वळून, दोष एकमेकांना की वयाला द्यायचा या विचारात झोपली असतील!

त्याच 2019 साली मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी एक हिशेब मांडला. होरोविट्झ स्वतः डॉक्टर, आणि स्वतः अशीच गोळी सोडताना पोळलेले. मेंदूत सेरोटोनिन हे रसायन परत खेचून घेणारी जी जागा असते, ती सिटॅलोप्राम या नैराश्यावरच्या औषधाची 20 मिलिग्रॅमची गोळी सुमारे 80 टक्के अडवते. डोस दुप्पट केला तर जेमतेम 86. उलट 9 मिलिग्रॅमपर्यंत खाली आलं तरी 70 टक्के अडलेलीच, आणि सव्वादोन मिलिग्रॅमचा कण उरला तरी 40. म्हणजे निम्मी गोळी केली म्हणून निम्मं उतरलो असं होत नाही. खरा कडा शेवटच्या कणाखाली आहे आणि आम्हाला सगळ्यांना तिथूनच ढकललं जायचं. नेदरलँड्समध्ये किंचित किंचित कमी होत जाणारे डोस पुड्यांच्या पट्टीत बांधून मिळतात. आपल्याकडे गोळी सुरीनं कापायची आणि भुगा बोटानं चाटायचा.

हा हिशेब वाचला तेव्हा मला टर्बाइन हॉल आठवला. मिनिटाला तीन हजार फेरे घेणारं टर्बाइन बंद करायचं म्हणजे बटण दाबून घरी जायचं नसतं. वाफ तोडली की वेग उतरत जातो, पण तापलेला रोटर जागच्या जागी थांबू दिला तर वरची बाजू गरम, खालची थंड, आणि टनावारी वजनाचा तो दांडा वाकतो. डोळ्यांना न दिसेल एवढाच, पण पुन्हा फिरवला की सगळं थरथरतं. म्हणून त्याला बारिंग गिअरवर घेतात. वाफ नाही, वीज निर्माण होत नाही, तरी धातू निवेपर्यंत तो संथ गतीनं फिरवत ठेवायचा, तास न् तास, दुसऱ्या दिवशीसुद्धा. बाहेरच्याला वाटावं, उगाच काय फिरवत बसलेत. बारिंग लागलं नाही तर रात्री-अपरात्री साहेब धावत यायचे. लोखंडाची एवढी काळजी करणाऱ्या गावात मी राहत होतो.

आता गेलेल्यांची नावं घेतो.

रडू, तू पहिलं. बाबांसाठी मी तुला राखून ठेवलं होतं. गोळी सुटल्यावर तू आलंस, पण भलत्या ठिकाणी. भाजीवाली म्हातारी मेथीच्या जुड्या पाण्यानं शिंपडत होती आणि तू कोसळलंस. ती घाबरून म्हणाली, ‘काय झालं बाप्पा, दोन रुपये कमी द्या.’ त्यानंतर तू जे गेलंस ते बाबांच्या श्राद्धालाही फिरकलं नाहीस.

संत्र्याच्या बहरा, तू. थंडी सरताना काटोल-कळमेश्वरच्या बाजूला गाडी काढावी, काच खाली करावी आणि आंबिया बहराच्या वासानं छाती भरून यावी, एवढं माझं वर्षाचं सुख होतं. वास अजून येतो. नाकापर्यंत येतो, ओळख पटते, आणि तिथूनच परत जातो. आत कुणी दार उघडत नाही.

आईसमोरचं ते भारावणं, तेही. कोराडीची जगदंबा सकाळी कुमारिका, दुपारी तरुणी आणि सांजेला म्हातारी दिसते, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. लहानपणी आजीचं बोट धरून मी तिन्ही रूपं पाहिली आहेत, खरंच पाहिली आहेत. आता नवरात्रात रांगेत उभा राहतो, गाभाऱ्याशी पोचतो, हात जोडतो. मूर्ती तीच असते. तिन्ही वेळेला तीच असते.

आणि जवळीक. तिच्याबद्दल आपल्यात कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. अंगाला अंगाची ओळख राहिली नाही. इच्छा मेली असती तर एक वेळ समजलं असतं, वय झालं म्हटलं असतं. पण इच्छेची आठवण जिवंत आणि इच्छा नाही, हे फार वाईट. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मला वाटलं, मीच नकोशी झाली तुम्हाला.’ इतकी वर्षं तिनं हे एकटीनं सोसलं होतं. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून पहिल्यांदा सुतक पाळलं म्हणायला हरकत नाही.

कसे दिवस काढता, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं फार थोडं आहे. पहाटे तलावाकाठी चालतो. झोपेची वेळ मोडत नाही. चहा दुपारनंतर नाही. चांगला दिवस आला तर त्याचा गाजावाजा करत नाही, कारण मागून वाईट दिवस येतो, आणि वाईट दिवस आला तर त्याला शेवटचा मानत नाही. एका वहीत बायको तारीख टाकून लिहून ठेवते, कारण माझ्या आठवणीवर माझा भरवसा नाही. मला रोज सारखंच वाटतं, आणि वही सांगते की कानातला आवाज मागच्या उन्हाळ्यापेक्षा कमी आहे. मी वहीवर विश्वास ठेवतो. नातवाच्या तोंडाला दुधाचा वास येतो, त्यानं मध्ये एकदा छातीत काहीतरी हललं. वहीत आहे ते.

सगळं परत येईल, असं मला आता कुणी सांगू नये. पुष्कळांचं येतं, काहींचं वर्षांनी येतं, काहींचं येत नाही. 120 मेगावॉटची आमची जुनी चारही युनिटं मोडीत निघाली, त्यांच्या मागून 660 ची तीन आली, गावात उजेड आहेच. मी कुणाला दोष देत नाही. पण इतकी वर्षं ‘तुला काही झालेलं नाही’ हे जे ऐकावं लागलं, ते दुखण्याहून जड होतं.

ज्यांच्या उशाशी आज ही गोळी आहे त्यांना विनंती, ती मनानं बंद करू नका. सोडायची वेळ आली तर डॉक्टरांना विचारा की शेवटचा तुकडा किती महिन्यांत उतरवायचा, आणि उत्तर कागदावर लिहून मागा. रात्र जड जात असेल तर 14416 हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांना विनंती, समोरचा ‘हे जुनं नाही, हे वेगळं आहे’ म्हणाला तर लिहून घ्या. आणि घरच्यांना एवढंच, ‘आता बरा दिसतोस’ म्हणण्याऐवजी ‘कसं वाटतं?’ विचारा आणि त्यानं उत्तर देईपर्यंत उठू नका.