चढलेली मोहरी

फ्रीजच्या दारातली मोहरीची बरणी उलटी करून ठेवली, तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं. रविवारी सकाळी झाकण उघडलं तर चमचा नुसता काचेवर वाजला. इकडे ओट्यावर अर्धा किलो कोंबडी शिजून निवत होती, रात्री टांगलेल्या दह्याचा चक्का तयार होता आणि लेक तीनदा येऊन विचारून गेली होती, "आई, आज ते पांढरं सॅलड ना?" मोहरीशिवाय ते सॅलड म्हणजे नुसता फिका काला. दुकान लांब, ऊन कडक. मी मिसळणाचा डबा ओढला.

ती बरणी डिजॉन पद्धतीच्या मोहरीची. डिजॉन हे फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातलं शहर. १८५६ साली झाँ नेजाँ नावाच्या तिथल्या कारागिरानं मोहरीत व्हिनेगरऐवजी कच्च्या द्राक्षांचा आंबट रस घातला, आणि तिथल्या मोहरीला ती मऊसर आंबट चव आली. पण तिच्यातला तपकिरी दाणा कुणी परका नाही. आपल्या फोडणीत पडते तीच ही जात, ब्रासिका जुन्सिया. शिवाय तो दाणा बर्गंडीत पिकलेला असेलच असंही नाही. बहुतेक कॅनडातून येतो. २०२१च्या उन्हाळ्यात तिकडे पीक करपलं आणि पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या दुकानांत मोहरीच्या फळ्या ओस पडल्या. तेव्हा रिकामी बरणी काही माझ्या एकटीच्याच नशिबी आलेली नव्हती.

मराठीत मोहरीची दोन क्रियापदं आहेत. एक तडतडणं, दुसरं फेसणं. पहिलं रोजचं; तेल तापलं की दिवसातून दोनदा होणारं. दुसरं आता घराघरांतून मागे पडत चाललंय. खरं म्हणजे अख्ख्या दाण्यात झणका नसतोच. दाणा जिभेवर ठेवून बघा, काही कळत नाही. झणका आणणारी दोन द्रव्यं आत वेगवेगळ्या कप्प्यांत बसलेली असतात. सिनिग्रिन एकीकडे, मायरोसिनेज नावाचं विकर दुसरीकडे. दाणा चिरडला, वर पाणी पडलं, की दोघांची गाठ पडते आणि मग जे उठतं ते थेट नाकात. उष्णतेनं हे विकर मरतं. म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते, पण डोळ्यांत पाणी आणत नाही.

हे रसायन मला फार उशिरा कळलं. आजीला ते पहिल्यापासून ठाऊक होतं, नावं तेवढी ठाऊक नव्हती. आजी राजापूरकडची. तिच्या स्वयंपाकघरात अंड्यालासुद्धा मज्जाव, पण उन्हाळ्यात रायवळ आंब्यांचं रायतं व्हायचं आणि त्यासाठी मोहरी फेसायची असायची. दगडी खलात दोन चमचे मोहरी, चिमूटभर मीठ, माठातलं पाणी थेंब थेंब. आधी करकर आवाज, मग खसखस, मग आवाजच नाही. पिवळट लगदा फुगल्यासारखा होऊन बत्त्याला चिकटायचा. वर ताटली झाकायची. थोड्या वेळानं ती ताटली किंचित कलती करून आजी खल आमच्या नाकाशी धरायची. पहिला वास कुणी घ्यायचा यावरून आमची भांडणं. ठसका लागून डोळे वाहायला लागले, की ती समाधानानं म्हणायची, "चढली!" गोव्यात तर मोहरीला सासंव म्हणतात, आणि आंब्याच्या अशाच पदार्थाला तेच नाव मिळालंय.

लग्नानंतर पहिल्यांदा एकटीनं रायतं करायला घेतलं, तेव्हा लवकर मिळून यावं म्हणून मी मोहरीला कढत पाणी लावलं. नुसती कडू राबडी झाली. फोनवर आजी म्हणाली, "ऊन पाण्यानं मोहरी रुसते गो. आणि लिंबू कधी घातलंस?" लिंबू मी सुरुवातीलाच पिळलं होतं. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. लिंबू आधी घातलं तर मोहरी चढत नाही. नंतर घातलं तर चढलेली लवकर उतरत नाही. हा क्रम तेव्हापासून विसरलेले नाही.

तर आता खलात मोहरी फेसून, ताटली झाकून ठेवली आणि कोंबडीकडे वळले. ती शिजवतानाही घाई चालत नाही. गार पाण्यात तमालपत्र, मिरे, मीठ. पाणी खदखदू द्यायचं नाही, कडेनं बारीक बुडबुडे आले की पुरे. तुकड्याच्या मधोमध ७४ अंश सेल्सिअस झाले की गॅस बंद. मग आपल्याच पाण्यात थोडी निवली, की तिचे धागे हातानं सुटतात. सुरीनं केलेल्या चौकोनी तुकड्यांना चक्का धरत नाही, धाग्यांना धरतो. काकडी चोचवून, मीठ लावून, घट्ट पिळून घेतली. ती तशीच टाकली तर तासाभरात सगळं पाणचट. चक्क्यात दोन चमचे मेयोनीज, चमचाभर मध, कांद्याची पात. मोहरीच्या सालीत एक बुळबुळीत डिंक असतो, तेल आणि पाणी यांची फारकत होऊ न देणारा. म्हणजे चव देऊन वर ती सगळ्यांना एकत्र धरूनही ठेवते. भांड्यात सगळं जमलं होतं, फक्त मोहरी यायची होती.

आजीनं हे भांडं पाहिलं असतं तर पदर नाकाला लावून परसात गेली असती. खल मात्र तिचाच आहे.

"काय झाकलंयस?" लेक पुन्हा हजर. मी ताटली किंचित कलती केली. तिनं नाक पुढे केलं, झटकन मागे घेतलं, डोळे घट्ट मिटले, आणि मग हसत हसत पुन्हा पुढे केलं.

"चढली," मी म्हणाले, आणि लिंबू कापायला घेतलं.