पाचवीची पूजा

माझ्या आईला सहा मुलं झाली. वाढलो आम्ही पाच.

धाकटा भाऊ १९६६ साली ऐन सुगीत झाला. सुईणीनं विळ्यानं नाळ कापली आणि वर चुलीपुढची राख लावली. तेव्हा रीतच तशी होती. पाच दिवस पोर अंगावर चांगलं पीत होतं. पाचवी पुजली आणि दुसऱ्या दिवशी त्यानं दूध ओढायचं सोडलं. तोंड उघडेना. जरा कुठं भांडं वाजलं की अंग कमानीसारखं ताठ व्हायचं. आठव्या दिवशी ते गेलं.

"सटवीनं एवढंच लिहिलं होतं," आजी म्हणाली. आई मात्र पुढं कित्येक वर्षं पूजेत आपलं काय चुकलं, तेच शोधत राहिली.

१९९४ साली थोरली लेक बाळंतपणाला आली, तेव्हा आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी उलगडा केला. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात. कवच पांघरून वर्षानुवर्षं बियाण्यासारखे पडून राहतात. जखमेत हवा न लागणारी जागा मिळाली की रुजतात आणि विष सोडतात. आईनं गरोदरपणी सुई घेतली, तर पोटातल्या बाळालाही राखण मिळते.

पुढं मी वाचत गेलो. १८८९ साली बर्लिनमध्ये कितासातो या जपानी डॉक्टरांनी हा जंतू हवेविना वाढवून दाखवला. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि बेरिंग यांनी विषावरचा उतारा शोधला. लस त्यानंतरची, ती याच विषाची नांगी मोडून करतात. आपल्या गुरांचा फऱ्या, शेळ्यामेंढ्यांचा आंत्रविषार याच कुळातले. पण याच कुळातल्या एका जंतूला वाइझमन या शास्त्रज्ञांनी पहिल्या महायुद्धात कामाला जुंपलं आणि मका आंबवून दारूगोळ्याला लागणारं अ‍ॅसिटोन काढलं.

२०१५ साली भारतात बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात आटोक्यात आल्याचं जाहीर झालं. जंतू मात्र मातीत आहेतच. म्हणून गरोदरपणातली सुई चुकवू नका.

नर्सबाईंचं बोलणं मी आईला सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे माझ्या पूजेत काय चुकलं नव्हतं."

पणतवंडाची पाचवी तिनंच पुजली. सटवीसाठी कोरा कागद ठेवला. बाळाच्या बेंबीला मात्र तिनं कुणाला हात लावू दिला नाही.